गोल्फ क्लबचा शाफ्ट निवडताना: आधी वजन, मग कडकपणा

नवा क्लब घेताना नजर आधी हेडवर, म्हणजे चेंडूला मारणाऱ्या टोकावर, जाते. मॉडेल कोणतं, फेस (चेंडूला लागणारी बाजू) केवढा, लॉफ्ट (फेस मागे झुकलेला असतो तो कोन) किती, याची चौकशी होते. शाफ्ट, म्हणजे ग्रिप आणि हेड यांना जोडणारी दांडी, मात्र दुकानात लावून ठेवलेला असतो तोच घरी येतो. फार तर त्यावरचं कडकपणा दाखवणारं ‘आर’ किंवा ‘एस’ हे अक्षर पाहिलं जातं. खरं तर हेड कोणत्या वेगाने, कोणत्या कोनात आणि फेसच्या कोणत्या भागाने चेंडूवर येणार, यात शाफ्टचा मोठा हात असतो. नव्याने खेळू लागलेल्यांनी शाफ्ट कसा निवडावा, कोणत्या क्रमाने तपासावा आणि कुठे फसगत होते, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. डावी-उजवी दिशा जिथे येते तिथे उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्यांनी ती उलटी वाचावी.

शाफ्ट नेमकं काय करतो

फेस आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात शाफ्टला चेंडूवर काही करता येत नाही. त्याचं सगळं काम त्याआधीच आटोपलेलं असतं.

बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) संपून हात खाली यायला लागतात तेव्हा जड हेड मागे रेंगाळतं आणि शाफ्ट मागे वाकतो. चेंडू जवळ येतो तशी उलटी गोष्ट घडते. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेवर नसतो. तो थोडा टोच्या (हेडच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या) दिशेला आणि फेसच्या मागे असतो. फिरण्याच्या ओढीमुळे तो हातांच्या रेषेत यायला बघतो, म्हणून शेवटच्या क्षणी शाफ्ट पुढे वाकतो आणि टो किंचित खाली झुकतो. पुढे वाकल्यामुळे फेसचा लॉफ्ट वाढतो आणि फेस थोडा बंद होतो. मऊ शाफ्टने चेंडू उंच आणि डावीकडे, कडक शाफ्टने खाली आणि उजवीकडे जाण्याचा कल असतो, त्याचं मूळ इथे आहे.

शाफ्ट चाबकासारखा सुटतो आणि त्या झटक्याने चेंडू लांब जातो, हा समज फार पसरलेला आहे. कडकपणा बदलून हेडच्या वेगात मिळणारा फरक बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत किरकोळ असतो. खरा फायदा मिळतो तो चेंडू फेसच्या मध्यावर वारंवार बसल्यामुळे. म्हणून शाफ्ट तपासताना सगळ्यात लांब गेलेल्या एका चेंडूकडे बघू नका. दहापैकी किती चेंडू फेसवर एकाच जागी बसले, ते बघा.

कामाचे शब्द

ग्रिपकडचं जाड टोक म्हणजे बट आणि हेडमध्ये जाणारं बारीक टोक म्हणजे टिप. शाफ्ट एकूण किती वाकतो तो फ्लेक्स, आणि स्वतःभोवती किती पिळला जातो तो टॉर्क. टॉर्क अंशांत लिहितात. ग्राफाइटमध्ये तो साधारण अडीच ते सहा-सात अंशांपर्यंत मिळतो, स्टीलमध्ये त्याहून कमी. शाफ्ट सर्वांत जास्त जिथे वाकतो त्या जागेला किक पॉइंट म्हणतात. मात्र एका किक पॉइंटवरून फारसं कळत नाही. बट, मधला भाग आणि टिप वेगवेगळे किती कडक आहेत, म्हणजे शाफ्टचं प्रोफाइल, हे जास्त सांगून जातं.

नियमांची एक बाजूही ठाऊक असू द्या. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांच्या नियमांनुसार शाफ्ट कसाही फिरवून धरला तरी सारखाच वाकला पाहिजे आणि दोन्ही दिशांना सारखाच पिळला गेला पाहिजे. पटर (होलजवळ चेंडू हलकेच ढकलायचा क्लब) सोडून कोणताही क्लब ४८ इंचांपेक्षा लांब चालत नाही. २०२२ पासून स्पर्धा भरवणाऱ्यांना स्थानिक नियम करून ही मर्यादा ४६ इंचांवर आणता येते.

पहिला टप्पा: आजचा क्लब मोजून ठेवा

नवं काही हातात घेण्याआधी सध्याच्या क्लबचे आकडे लिहून ठेवा. ते नसतील तर पुढची तुलना हवेतच राहते. शरीर गरम करून घ्या. पहिले दहा-बारा चेंडू मोजायचे नाहीत. मग ७ नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराचा, पातळ धातूच्या हेडचा क्लब) दहा आणि ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायचा क्लब) दहा चेंडू मारा. लाँच मॉनिटर (फटक्याचे आकडे मोजणारं यंत्र) असेल तर प्रत्येक फटक्याचे हे आकडे टिपा: हेडचा वेग, चेंडूचा वेग, लाँचचा कोन (चेंडू ज्या कोनात वर निघतो तो), स्पिन (चेंडू मिनिटाला किती फेरे घेतो), कॅरी (चेंडू हवेतून किती अंतर जातो) आणि डावी-उजवी चूक.

फेसवर चेंडू कुठे बसतो ते पाहायला पायांना मारायचा पावडर स्प्रे पुरेसा आहे. फेसवर पातळ थर मारा, दोन-तीन फटक्यांनंतर फोटो काढा, पुसा आणि परत मारा. आकडे नसले तरी या खुणांवरून निम्मं निदान होतं.

तीन गोष्टी मोजमाप बिघडवतात. रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) जुने किंवा कमी उडणारे चेंडू वापरले तर स्पिन आणि कॅरीवर विसंबता येत नाही. शक्य असेल तर खेळताना वापरता तेच चेंडू घ्या. मॅटवरून मारताना क्लब चेंडूआधी जमिनीला लागला तरी तो पुढे घसरत जातो आणि फटका ठीक वाटतो, त्यामुळे आयर्नची चाचणी जमल्यास गवतावर करा. तिसरी गोष्ट थकवा. पूर्ण ताकदीचे साठ-सत्तर फटके झाले की स्विंग बदलायला लागतो आणि त्यानंतरची तुलना खोटी ठरते. ड्रायव्हर आणि आयर्न यांची फिटिंग वेगळ्या दिवशी करणं उत्तम.

खेळ सुरू करून थोडेच दिवस झाले असतील, चेंडू कधी लागतो कधी सुटतो अशी अवस्था असेल, तर प्रोफाइल आणि टॉर्कच्या तपशिलात शिरू नका. लांबी, साधारण योग्य वजन आणि ग्रिपची जाडी एवढं जमवलं की पहिलं वर्ष निघतं. बारीक जुळवाजुळव स्विंगला आकार आल्यावर करावी.

दुसरा टप्पा: लांबी

खेळताना घालता ते बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. ते ३४ ते ३६ इंचांच्या आसपास आलं तर पुरुषांच्या प्रमाण लांबीपासून सुरुवात करायला हरकत नाही. त्या मापात ७ नंबरचा आयर्न साधारण ३७ इंच असतो आणि पुढच्या-मागच्या क्रमांकांत अर्ध्या अर्ध्या इंचाचा फरक असतो. नुसत्या उंचीवरून लांबी ठरवली तर चूक होते, कारण उंच माणसाचे हातही लांब असले तर मनगट-जमीन अंतर मध्यम उंचीच्या माणसाएवढंच भरतं.

हे माप फक्त सुरुवातीचं. अंतिम उत्तर फेसवरच्या खुणा देतात. ड्रायव्हरमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. दुकानातले ड्रायव्हर ४५.५ इंच किंवा त्याहून थोडे लांब असतात, आणि अनेक व्यावसायिक खेळाडू ४५ इंच किंवा त्याहूनही आखूड वापरतात. लांब शाफ्टने हेडचा वेग थोडा वाढतो, पण खुणा फेसभर पसरल्या तर चेंडूचा वेग उलट कमी होतो.

तपासायचं कसं? काही न कापता ग्रिप एक इंच खाली धरा आणि दहा चेंडू मारा. खुणा मध्याभोवती गोळा झाल्या आणि सरासरी कॅरी तेवढीच राहिली किंवा वाढली, तर तुमचा ड्रायव्हर आखूड व्हायला हवा. पण कापायची घाई नको. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (क्लबचं वजन हेडकडे किती झुकलंय त्याचा अंक) सुमारे ३ अंकांनी घसरतं. एक इंच कापला तर ६ अंक जातात, आणि ते भरून काढायला हेडवर १२ ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. कापलेला ड्रायव्हर हातात घेतल्यावर हेड हरवल्यासारखं वाटतं, ते या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. हेडला बदलता येणारे वजनाचे स्क्रू असतील तर जड स्क्रू घ्या, नाही तर शिशाची पट्टी चिकटवा.

तिसरा टप्पा: वजन

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि यावरच सर्वांत कमी वेळ दिला जातो. पूर्ण क्लबच्या वजनात पडणारा फरक प्रामुख्याने शाफ्ट ठरवतो. हेडचं वजन एका प्रकारच्या क्लबमध्ये फारसं बदलत नाही. ड्रायव्हरचं हेड २०० ग्रॅमच्या आसपास असतं. शाफ्ट मात्र ४० ग्रॅमचाही मिळतो आणि ८० चाही. आयर्नमध्ये ग्राफाइटचे शाफ्ट ५० ते १०० ग्रॅमच्या दरम्यान, स्टीलचे साधारण ९० ते १३० पर्यंत. ट्रू टेंपर कंपनीचा डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा जुना, नावाजलेला स्टील शाफ्ट जवळपास १३० ग्रॅमचा आहे. नव्या खेळाडूच्या हातात कुणाचा तरी जुना संच येतो तेव्हा तो अनेकदा याच वजनाचा असतो, आणि पंधराव्या होलपर्यंत हात गळून जातात.

चाचणीसाठी एकच हेड, एकच लांबी आणि जवळपास सारखाच फ्लेक्स ठेवा. फक्त वजन बदला. ड्रायव्हरमध्ये ५०, ६० आणि ७० ग्रॅम, आयर्नमध्ये ८०, ९५ आणि ११० ग्रॅम अशी तीन पायऱ्यांची रचना पुरते. प्रत्येकी सात-आठ चेंडू मारा. पहिले दोन नव्या वजनाची सवय व्हायला सोडून द्या. शाफ्टवरचा पट्टा कागदाच्या चिकटपट्टीने झाका. खेळाडूला वजन आणि नाव माहीत असलं की तो नकळत स्विंग बदलतो.

शाफ्ट फार हलका असेल तर हात खांद्यांच्या पुढे धावतात आणि डाउनस्विंगची सुरुवात वरून, बाहेरून होते. खुणा हील (हेडचं शाफ्टकडचं टोक) ते टो अशा आडव्या पसरतात. वेगाचे आकडे चांगले दिसतात, पण एकसारखे येत नाहीत. एका फटक्याला हेडचा वेग ताशी ९४ मैल, पुढच्याला ८९. फार जड असेल तर वेग सरळ घटतो, हेड उशिरा येतं, फेस उघडा राहतो आणि चेंडू खाली, उजवीकडे जातो. आयर्नमध्ये क्लब चेंडूआधी जमिनीत रुततो. योग्य वजनाची खूण म्हणजे वेगातला चढउतार कमी होणं आणि खुणा दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या नसल्या तरी एका गटात दिसणं. हलका शाफ्ट घेतला की वेग वाढतोच असं धरून चालू नका. १० ग्रॅम कमी करूनही अनेकांचा वेग ताशी मैलभर वाढत नाही.

दोन वजनांत निवड होत नसेल तर खेळाच्या अखेरीला जे पेलेल ते घ्या. रेंजवरच्या ताज्या अंगाला जड शाफ्ट नेहमी थोडा जास्त आवडतो.

छापलेल्या आकड्याबद्दल सावध राहा. ‘६०’ असं नाव असलेला शाफ्ट प्रत्यक्षात ६५ ग्रॅम भरू शकतो, कारण तो आकडा वजनाच्या गटाचा असतो. शिवाय त्याच मॉडेलमध्ये फ्लेक्स कडक होतो तसं वजन बहुधा काही ग्रॅमने वाढतं. पत्रकातलं वजन न कापलेल्या शाफ्टचं असतं, बसवल्यानंतरचं नव्हे.

चौथा टप्पा: कडकपणा

सुरुवातीसाठी ड्रायव्हरच्या हेडचा वेग बघा. ताशी ७५ मैलांच्या खाली असेल तर सर्वांत मऊ ‘एल’, ७५ ते ८५ असेल तर ‘ए’ किंवा सीनियर, ८५ ते ९५ ला ‘आर’, ९५ ते १०५ ला ‘एस’ आणि त्यापुढे सर्वांत कडक ‘एक्स’. एवढ्यावर थांबू नका. ‘एल’ म्हणजे बायकांचा आणि ‘ए’ म्हणजे म्हाताऱ्यांचा असं डोक्यात ठेवून निवड करणारे फार जण स्वतःचंच नुकसान करून घेतात. क्लब तुमचं वय ओळखत नाही, त्याला फक्त वेग आणि झटका कळतो.

या अक्षरांना उद्योगभर मान्य असं कोणतंही प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘आर’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एस’एवढा कडक निघू शकतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही असं होतं. म्हणून चांगले फिटर शाफ्टची फ्रीक्वेन्सी मोजतात. बटचं टोक शिकंज्यात घट्ट धरायचं, हेडच्या टोकाला हलका धक्का द्यायचा आणि मिनिटाला किती कंपनं होतात ते यंत्रावर वाचायचं. आकडा जितका मोठा तितका शाफ्ट कडक. एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत साधारण १० कंपनांचा फरक धरतात. दोन शाफ्टची तुलना करताना लांबी, हेडचं वजन आणि शिकंज्यात धरलेली लांबी सारखीच हवी. नाही तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

वेगाइतकंच महत्त्व स्विंगच्या वळणाला आहे. बॅकस्विंगच्या माथ्यावर कुणी क्षणभर थांबून सावकाश खाली येतं, कुणी तिथूनच झटका देतं. दोघांचा वेग ताशी ९२ मैल असला तरी झटका देणारा शाफ्टवर जास्त भार टाकतो. त्याला एक पायरी कडक किंवा थोडा जड शाफ्ट मानवतो, सावकाश येणाऱ्याला मऊ शाफ्टही नियंत्रणात राहतो. मोबाइलवर बाजूने चित्रफीत घेऊन ही वळणाची जागा सावकाश बघा. स्वतःच्या स्विंगबद्दल आपला अंदाज बहुधा चुकतो.

लक्षणं अशी. फार कडक शाफ्टने चेंडू खाली आणि उजवीकडे जातो, हाताला फटका लाकडासारखा कोरा लागतो, आणि खेळाडू उंची मिळवायला जोर लावू लागतो. फार मऊ शाफ्टने चेंडू उंच चढून डावीकडे वळतो, हेड कुठे आहे याचा अंदाज लागत नाही, आणि एकाच दिवशी काही फटके डावीकडे तर काही उजवीकडे पडतात. पण माणूस यंत्र नाही. कडक शाफ्ट हातात आल्यावर काही जण फेस बंद करायला मनगटं जोरात वळवतात आणि चेंडू उलट डावीकडे मारतात. त्यामुळे लक्षणावरून थेट उपाय ठरवण्याऐवजी दोन्ही बाजूंचा एकेक शाफ्ट मारून बघा.

आकडे काय असावेत याची एक सोयीची मोजपट्टी आहे. ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आणि बराच काळ वापरात असलेल्या तक्त्यात एलपीजीए (महिला व्यावसायिकांच्या) खेळाडूंची ड्रायव्हरची सरासरी अशी आहे: हेडचा वेग ताशी ९४ मैल, लाँच सुमारे १३ अंश, स्पिन मिनिटाला २६०० च्या आसपास. हौशी पुरुषांपैकी अनेकांचा वेग याच घरात असतो. त्यामुळे पुरुष व्यावसायिकांच्या ११ अंशांमागे न लागता हे आकडे समोर ठेवावेत. तुमचा स्पिन ३५०० असेल तर मात्र आधी फेसवरच्या खुणा तपासा. फेसच्या खालच्या भागावर बसलेला चेंडू कोणत्याही शाफ्टने कमी उंच निघतो आणि जास्त फिरतो. ही चूक शाफ्टची नसते.

पाचवा टप्पा: प्रोफाइल आणि टॉर्क

वजन आणि फ्लेक्स ठरल्यावर उरतं ते बारीक काम. टिप मऊ असलेला शाफ्ट चेंडू थोडा उंच आणि थोड्या जास्त स्पिनने पाठवतो, टिप कडक असलेला खाली आणि कमी स्पिनने. हा फरक बहुतेकांना एक-दोन अंश आणि काहीशे फेरे इतकाच जाणवतो. लाँच तीन-चार अंशांनी चुकत असेल तर शाफ्ट बदलत बसू नका, हेडचा लॉफ्ट बदला. ते स्वस्तही पडतं आणि परिणामही खात्रीचा असतो.

टॉर्क कमी असला की फटका घट्ट लागतो, जास्त असला की मऊ. सावकाश स्विंगवाल्याला अडीच अंशांचा शाफ्ट निर्जीव वाटतो. जोरकस स्विंगवाल्याला सहा अंशांचा शाफ्ट हातातून निसटल्यासारखा वाटतो. इथे हाताला काय वाटतं त्याला मान द्यावा, कारण जो फटका नकोसा वाटतो तो टाळण्यासाठी स्विंग आपोआप वाकडा होतो.

आउट-टू-इन मार्गाने, म्हणजे हेड बाहेरून आत आल्याने, होणारा स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) कोणताही शाफ्ट बरा करत नाही. मऊ टिपने तो थोडा सौम्य होईल एवढंच. टोवर बसलेला चेंडू डावीकडे वळतो आणि हीलवर बसलेला उजवीकडे, हे ड्रायव्हरच्या हेडचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असल्यामुळे होतं. हीलवर सारखे चेंडू बसत असतील तर लांबी आणि उभं राहण्याचं अंतर तपासा.

सहावा टप्पा: लाय, स्विंगवेट, ग्रिप

शाफ्ट पक्का झाल्याशिवाय लायचा कोन (हेड जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट जमिनीशी करतो तो) मोजू नये. मऊ शाफ्टमध्ये टो जास्त झुकतो, लांबी अर्ध्या इंचाने वाढली की क्लब जवळपास एक अंशाने जास्त उभा वागतो. आधी केलेलं मोजमाप वाया जातं.

सोपी पद्धत: चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती रेघ फेसकडे करून चेंडू ठेवा आणि आयर्नने मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. तो सरळ उभा असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर क्लब फार उभा आहे आणि चेंडू डावीकडे जाईल. हीलकडे झुकलं तर क्लब फार आडवा आहे आणि चेंडू उजवीकडे जाईल. मधल्या आयर्नमध्ये एका अंशाच्या चुकीने चेंडू काही यार्ड बाजूला पडतो आणि लॉफ्ट वाढतो तसा हा परिणाम वाढतो, म्हणून वेजचा (सर्वांत जास्त लॉफ्टच्या आखूड क्लबचा) लाय दुर्लक्षू नका. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड वाकवणं सोपं, कास्ट (ओतीव) हेड तुटण्याची भीती जास्त. दोन अंशांपलीकडे वाकवायचं असेल तर हेड बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा आधी विचारा.

स्विंगवेट म्हणजे क्लबचं वजन हेडच्या बाजूला किती झुकलेलं आहे याचा अंक. पुरुषांचे क्लब बहुधा डी ० ते डी २ आणि स्त्रियांचे ‘सी’ गटाच्या वरच्या अर्ध्यात असतात. हेडवर २ ग्रॅम वाढले की एक अंक वाढतो. ग्रिप ४-५ ग्रॅमने जड झाली की एक अंक घटतो. शाफ्ट ९ ग्रॅमने हलका झाला तरी साधारण एक अंक घटतो. म्हणजे १३० ग्रॅमचा स्टील शाफ्ट काढून ९५ ग्रॅमचा लावला की जवळपास चार अंक गेले. ते भरून काढायचे की नाही हे मारून ठरवा, पण बांधणाऱ्याला आधीच सांगा.

ग्रिपची जाडी तपासताना क्लब डाव्या हातात हातमोज्यासह धरा. मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. ती तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, मध्ये फट राहत असेल तर जाड.

सातवा टप्पा: बांधणीचा कागद

चाचणीत आवडलेला शाफ्ट आणि घरी आलेला क्लब यांच्यात फरक जाणवला तर दोष बहुधा बांधणीत सापडतो. शाफ्ट टिपकडून कापला की कडक होतो, बटकडून कापला की मुख्यतः लांबी घटते. चाचणीचा शाफ्ट टिप न कापता लावलेला असेल आणि तुमचा एक इंच टिप कापून लावला, तर तो तोच शाफ्ट राहिला नाही. म्हणून या गोष्टी लेखी घ्या: शाफ्टचं पूर्ण नाव, वजनगट आणि फ्लेक्स, टिपकडून किती आणि बटकडून किती कापला, तयार क्लबची लांबी, स्विंगवेट, लॉफ्ट, लाय, ग्रिपचा आकार आणि खाली टेपचे किती थर. फ्रीक्वेन्सी मोजली असेल तर तीही.

टिपचा व्यास जुळतो का ते बघा. आजच्या बहुतेक ड्रायव्हरना ०.३३५ इंचाची टिप लागते. आयर्नमध्ये सरळ टिपचा शाफ्ट ०.३७० इंच आणि निमुळत्या टिपचा ०.३५५ इंच असतो. सरळ टिपचा शाफ्ट प्रत्येक क्लबसाठी टिपकडून वेगवेगळा कापतात. निमुळत्या टिपचे शाफ्ट क्रमांकानुसार तयार लांबीत येतात आणि फक्त बटकडून कापले जातात.

जुना ग्राफाइट शाफ्ट काढताना होझल (हेडची शाफ्ट बसतो ती नळी) तापवून हेड पिळून काढू नये. तंतू तुटतात, जास्त उष्णतेने राळ जळते, आणि तडा आत लपून राहतो. त्यासाठी सरळ रेषेत ओढणारं यंत्र असतं. स्टील शाफ्ट पिळून काढला तरी चालतो. नवीन शाफ्ट बसवताना होझलची आतली बाजू आणि टिप घासून स्वच्छ करतात, इपॉक्सी लावतात आणि नेहमीच्या इपॉक्सीला २४ तास देतात. लवकर द्या म्हणून मागे लागलात तर हेड उडण्याचा धोका तुमचाच आहे.

फिरवता येणाऱ्या स्लीव्हचा (शाफ्ट हेडला जोडणाऱ्या तुकड्याचा) ड्रायव्हर असेल तर चाचणीत स्लीव्ह कोणत्या खुणेवर होती तेही लिहा. खूण बदलली की लॉफ्ट बदलतो आणि त्याबरोबर फेसची दिशाही.

पूर्ण संचाचा मेळ

एक-एक क्लब चांगला असून संच विचित्र वागतो, कारण वजनं उड्या मारतात. क्लब आखूड होत जातो तसा शाफ्ट जड होत जावा. ६० ग्रॅमचा ड्रायव्हर बसला तर फेअरवे वूड ६५ ते ७५, हायब्रिड ८० च्या आसपास, आयर्न ९५ ते १०५ आणि वेज आयर्नएवढे किंवा ५-१० ग्रॅम जड, हा क्रम बऱ्याच जणांना जमतो. हायब्रिडमध्ये ६० ग्रॅमचा शाफ्ट आणि शेजारच्या आयर्नमध्ये १२० चा, असा संच असेल तर हायब्रिडने डावीकडे जाणाऱ्या चेंडूंचं कारण शोधायला लांब जायला नको. नियमाने पिशवीत १४ क्लब चालतात, पण सगळे एकदम बदलायची गरज नाही. ७ नंबरचा आयर्न आणि ड्रायव्हर आधी जुळवा, बाकीचे त्यांच्यामागून आणा.

मुलांच्या हाती मोठ्यांचे कापलेले क्लब देऊ नका. कापून लांबी जुळते, पण शाफ्ट आणखी कडक होतो आणि हेडचं वजन तसंच राहतं. मूल तो जड क्लब उचलायला पाठ वाकवून स्विंग शिकतं, आणि ती सवय पुढे सहज सुटत नाही.

नंतरची देखभाल

ड्रायव्हरच्या हेडचा वेग पाच मैलांनी वर किंवा खाली गेला, दुखापतीनंतर परत खेळायला लागलात, किंवा स्विंगमध्ये मोठा बदल केला, तर पहिल्या टप्प्यातली दहा-दहा चेंडूंची चाचणी परत करा आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघा.

महिन्यातून एकदा शाफ्टवर हात फिरवा. ग्राफाइटवर आडवी रेघ दिसली, रंग उडून तंतू उघडे पडले किंवा वाकवताना बारीक कडकड ऐकू आली, तर तो क्लब बाजूला ठेवा. स्टीलमध्ये गंज आणि बारीक खड्डे बघा. होझलवरची काळी कडी, म्हणजे फेरूल, वर सरकून हेड आणि तिच्यात फट दिसू लागली तर क्लब बांधणाऱ्याकडे न्या. पुष्कळदा फक्त कडीच सैल झालेली असते, पण इपॉक्सी सुटत असल्याचीही ती खूण असू शकते. हेडला हाताने पीळ देऊन बघा. जराही हललं किंवा टकटक आवाज आला तर त्या क्लबने एकही चेंडू मारू नका. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत क्लब दिवसेंदिवस ठेवल्याने ही जोडणी आणि ग्रिपखालची टेप दोन्ही सैल पडतात.